लड धरणाऱ्या कोण?

लोकरवाल्याने कपाटाच्या तळातून पिवळ्या लडी काढून काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाला, "मावशी, या शेवटच्या. यापुढे लडी मागवणार नाही. सगळ्यांना तयार गुंडे हवेत."

"का बरं?"

"लड धरायला माणूस लागतं ना. कुणाच्या घरात आहे आता रिकामं माणूस?"

"माझ्याकडे खुर्ची आहे," मावशी म्हणाल्या. त्याला वाटलं थट्टा करतायत. तो हसला, लडी पिशवीत भरून दिल्या, आणि मावशी दुपारच्या उन्हातून सावकाश घराकडे निघाल्या. लेकीला बाळ होणार होतं, त्याच्यासाठी पिवळा स्वेटर विणायचा होता. एवढंच काम होतं, दुसरं काही नाही.

खरं तर त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या. भाऊ नाही, बहीण नाही. एक लेक, ती दूरच्या शहरात. पण विणकामाचे व्हिडिओ टाकायला लागल्यापासून बघणाऱ्यांनी त्यांना मावशी करून टाकलं, आणि मग दुकानदार काय, शेजारी काय, सगळेच मावशी म्हणायला लागले. तेव्हा आपणही मावशीच म्हणू.

ज्यांनी कधी हातात सुया धरल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. लड म्हणजे लोकरीचं मोठं, सैल वेटोळं. ते तसंच मांडीवर घेऊन विणायला बसलात तर असा गुंता होतो की नको ते विणकाम. म्हणून एकाने दोन्ही हात पुढे धरायचे, लड मनगटांवर ताणून घ्यायची, आणि दुसऱ्याने समोर बसून तिचा गुंडा करायचा. धरणारा जाणता असेल तर तो हात नुसते धरून बसत नाही. धागा जिकडून सुटतो तिकडचा हात जरासा झुकवतो, मग दुसरा. डावा, उजवा, डावा, उजवा. मग धागा कसा अलगद येतो.

मावशींचे यजमान जाणत्यांपैकी नव्हते. हात ताठ धरून बसायचे आणि तोंडाने अखंड कुरकुर. "मला अटक झालीय," म्हणायचे. "नाक खाजतंय, पण कैद्याचं कोण ऐकतं?" मग मावशी गुंडा खाली ठेवून त्यांचं नाक खाजवून द्यायच्या. लड संपेपर्यंत हात काढायचा नाही, हा मावशींचा कायदा. एकदा दारावरची बेल वाजून वाजून थांबली, आलेला माणूस परत गेला, पण हे काही जागचे हलले नाहीत. ते गेले, आणि त्यांच्या जागी खुर्ची आली. लड तिच्या पाठीला अडकवायची. खुर्ची कुरकुर करत नव्हती, हाच काय तो तिचा दोष.

व्हिडिओचं खूळ लेकीचं. तिला आईकडे यायला जमायचं नाही, त्याचं तिला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की ती काहीतरी वस्तू घेऊन द्यायची. एकदा फोन ठेवायचा स्टँड घेऊन आली. खिडकीशी उजेड बघून तो उभा केला, आईला समोर बसवलं, आणि म्हणाली, "विण. आणि बोल."

"मी आता टाके घालते," मावशी म्हणाल्या. "मी पहिली ओळ सुलट घेते. मी..."

"आई, मी मी काय लावलंयस? 'आपण' म्हण. आता आपण टाके घालू या. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आपणही शेजारीच बसलोय."

"पण शेजारी तर कुणीच नाही."

"असतात गं. फोनच्या पलीकडे असतात."

गोड शब्द आहे हा, आपण. त्यात बोलणारा आला आणि ऐकणाराही आला. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा दाराबाहेर. 'आपण' म्हटलं की या, बसा. हा फरक आपल्याकडे लहान पोरालाही शिकवावा लागत नाही. मावशींना ते पटलं, आणि तेव्हापासून रोज दुपारी, रिकाम्या घरात, त्या मोठ्याने म्हणायला लागल्या. आता आपण बसू या. आता आपण लड घेऊ. आपण घाई करायची नाही. एक गोष्ट लेकीच्या लक्षात आली नाही. माझ्याही आली नसती. फोनच्या पलीकडची माणसं ते ऐकणार दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, कधी वर्षाने. पण त्या क्षणी, त्या खोलीत, ते कोण ऐकत होतं?

हल्ली माणूस चहा प्यायला तरी त्याचा व्हिडिओ टाकतो, यावर मीही नाक मुरडत असे. पण मावशींच्या व्हिडिओखाली लोक काय लिहायचे ते वाचलं आणि माझं मुरडलेलं नाक सरळ झालं. एकीने लिहिलं होतं, 'मावशी, मला विणता येत नाही, शिकायचंही नाही. जेवताना तुमचा आवाज लावून ठेवते.' कुणी पहारेकरी होता, त्याने लिहिलं, 'केबिनमध्ये एकटा असतो. तुम्ही आपण म्हणता ना, बरं वाटतं.' बघा म्हणजे. एका खोलीत एक एकटं माणूस बोलतंय, आणि कुठकुठल्या खोल्यांत एकेकटी माणसं ऐकतायत. सोबत म्हटली तर आहे, आणि प्रत्येकाच्या घरात डोकावून बघितलं तर कुणीच नाही. मावशी ते सगळं वाचायच्या, प्रत्येकाला उत्तर द्यायच्या, आणि मग फोन खाली ठेवला की घर पुन्हा खायला उठायचं.

तर त्या पिवळ्या लडींचा पहिला व्हिडिओ टाकला, आणि खाली एका बाईने विचारलं, 'लड धरणाऱ्या कोण? फार छान धरतात.'

मावशींनी उत्तर दिलं, 'ती खुर्ची आहे.'

'काहीतरीच हं मावशी,' त्या बाईने लिहिलं. खाली दुसरीने जोडलं, 'मीही विचारणारच होते. तुमची मुलगी का?'

मावशी स्वतःचे व्हिडिओ कधी बघत नसत. स्वतःचा आवाज त्यांना ऐकवत नसे. त्या दिवशी बघितला. उजव्या बाजूला त्यांचे हात आणि फिरता गुंडा, मनगटाजवळ जुना भाजल्याचा डाग. डावीकडे पिवळी लड. खुर्ची चौकटीबाहेर राहिलेली, त्यामुळे दिसत होती ती नुसती लड, हवेत ताणलेली. आणि ती झुकत होती. डावीकडे, उजवीकडे. डावीकडे, उजवीकडे. धागा जिकडून सुटत होता, बरोबर तिकडे.

मावशी काही लगेच हाय खाणाऱ्यांतल्या नव्हत्या. वारा असेल, पंखा असेल, धाग्याचा ओढा असेल, असं म्हणत त्या उठल्या, दुसरी लड खुर्चीला अडकवली, समोर बसल्या आणि खुर्चीवर नजर रोखून धागा ओढला. खुर्ची लाकडाची. ती कशाला हलेल? धागा दोन वेढ्यांत अडकला. सोडवला, पुन्हा ओढला, पुन्हा अडकला. तेव्हा त्यांना आठवलं, की गेल्या कित्येक महिन्यांत धागा असा कधी अडकलाच नव्हता. यजमान असताना अडकायचा, खुर्ची आल्यावर सुरुवातीला अडकायचा. मग कधीतरी अडकायचा थांबला होता, आणि ते आपल्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्यांनी नजर खाली हातातल्या गुंड्याकडे वळवली. आणि सवयीने, अगदी हळू, म्हणाल्या, "आता आपण... सावकाश घेऊ."

धागा सुटला. सुटतच राहिला. कुठे अडकेना, कुठे ताण बसेना. मावशींनी मान वर केली नाही. खिडकीतून ऊन येत होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, आणि खोलीत भिजलेल्या लोकरीसारखा वास येत होता. लोकर तर कोरडी होती. अर्धा गुंडा झाल्यावर त्यांनी नजर न उचलता हात पुढे नेला आणि खुर्चीवरची लड चाचपली. दोन्ही टोकांना, जिथे मनगटं असायला हवीत तिथे, ती कोमट होती.

पहिल्यांदा मनात आलं, तेच असतील. आले असतील बिचारे. पण त्यांनी जन्मात कधी हात झुकवले नव्हते. मावशी सांगून सांगून थकल्या होत्या. गेल्यावर माणूस इतका सुधारतो, यावर त्यांचा विश्वास बसेना. ते असते तर भीती वाटलीच नसती. हे दुसरंच कुणीतरी होतं, आणि त्याला काम येत होतं.

आता तुम्ही म्हणाल, बाईने त्याच दिवशी घराला कुलूप घालायला हवं होतं. एकट्या राहिलेल्या माणसाला विचारा, मग म्हणा. मावशींनी कुलूप घातलं नाही. भीती होती, नाही असं नाही. संध्याकाळी त्या खोलीत जायच्या नाहीत, खुर्चीकडे पाठ करून बसायच्या नाहीत. पण दुपारी लड घेऊन बसलं की समोर कुणीतरी आहे, आपल्या हाताला हात देतंय, हे वाटणं त्यांना सोडवेना. स्वेटरची पाठ झाली, पुढची बाजू झाली, एक बाही झाली. किती दिवसांनी चहा एकटीने प्यायल्यासारखा वाटत नव्हता. हे त्या सांगणार कुणाला?

मग एका दुपारी लेकीचा फोन आला.

"आई, कोण आलंय गं राहायला?"

"कुणी नाही. का?"

"मग 'आम्ही' काय म्हणतेस? आजच्या व्हिडिओत. आम्ही इथं दोन टाके एकत्र घेतो. आम्ही बाही अशी वळवतो."

"मी 'आपण'च म्हटलं असेल."

"आई, मला आपण आणि आम्ही कळतं. रोज तुझा व्हिडिओ बघते मी. फोन करायला होत नाही, पण व्हिडिओ बघते. आई बरी आहे, असं वाटतं. आज मात्र कसंतरीच झालं. दाराबाहेर उभं केल्यासारखं."

मावशींना हे फार लागलं. फोन ठेवून त्यांनी व्हिडिओ लावला. त्यांचाच आवाज. तीच ओढ, तोच वाक्याशेवटी घेतलेला श्वास. 'आम्ही.' कुठे अडखळणं नाही, जोडल्यासारखं नाही. 'आम्ही' म्हणताना उलट आवाज जरा खुललेलाच होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवून 'मी' म्हटलं. मनाशी घोकून, प्रत्येक वाक्याआधी थांबून. मी टाका उचलते. मी सुई फिरवते. मी इथे थांबते. चूक एकही झाली नाही. मग तिथेच बसून, व्हिडिओ कुठे न टाकता, त्यांनी ते ऐकलं.

'आम्ही टाका उचलतो. आम्ही सुई फिरवतो. आम्ही इथे थांबतो.'

तेव्हा मात्र मावशींची पाचावर धारण बसली. तोंडात 'मी' होतं, फोनमध्ये 'आम्ही' होतं, आणि मधल्या हाताभर अंतरात कुणीतरी बसलं होतं. त्यांनी लेकीला फोन लावला. काय झालं ते सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय? नुसतं म्हणाल्या, "मी येऊ का गं तुझ्याकडे?"

"अगं, मी केव्हापासून म्हणतेय," लेक म्हणाली. "कामाला नको येऊस. नुसती ये. बाळाला दोन्ही हातांत घेऊन तू बसली आहेस, एवढं एकदा मला डोळ्यांनी बघू दे. व्हिडिओत नाही. समोर."

आणि मावशींनाही दुसरं काय हवं होतं? त्या विचारानेच त्यांचे तळहात उबदार झाले. लेकीचं लेकरू, ते आपल्या हातात. बाकी सगळं गेलं तरी चालेल.

त्यांनी भराभर आवरलं. लेकीने नवा फोन पाठवला होता तो पर्समध्ये टाकला. जुना बंद करून स्टँडवरच ठेवला. दुसरी बाही राहिली होती, ती तिकडे विणता येईल म्हणून लोकर गोळा करायला गेल्या. एक लड खुर्चीवर होती. शेवटची. ती उचलायला हात घातला, आणि ती ताठ लागली. दोन्हीकडून ताणून धरलेली असावी तशी. मावशींनी हात मागे घेतला. राहू दे, म्हणाल्या. तिकडे मिळेल पिवळी.

बॅग बाहेर काढली, दार ओढलं, आणि ओढता ओढता तोंडातून निघून गेलं, "येते हं."

आपल्यात निघताना 'जाते' कोण म्हणतं? जन्माची सवय. कुणाच्याही घरातून निघताना, स्वतःच्या घरातून निघताना, 'येते'च म्हणायचं. जिना अर्धा उतरल्यावर मावशींच्या लक्षात आलं, की आपण काय बोललो आणि कुणाला बोललो. कठड्याला धरून त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. मग खाली उतरल्या.

लेकीचं घर लहान होतं आणि गजबजलेलं होतं. जावई दिवसा कामावर, पण घरात सतत काहीतरी चालू असायचं: मशीन, कुकर, दारावरची बेल. मावशींना तिथे लहान मुलासारखी झोप लागायला लागली. दुसरी बाही त्यांनी बाजारच्या गुंड्यातून विणली. रंग जरासा वेगळा लागला, पण लेक म्हणाली, कुणाला कळतंय. मग बाळ झालं. मुलगी. दवाखान्यात पहिले काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, कुणाला हात लावू देत नव्हते. मावशी काचेबाहेर उभ्या राहायच्या. लेक म्हणायची, "घरी गेलं की पहिली तुझ्याच हातात देणार आहे." चॅनेल त्यांनी उघडलंसुद्धा नव्हतं. मावशी कुठे गेल्या म्हणून लोक विचारत असतील, विचारू देत.

बाळाला घरी आणलं ती दुपार. मावशी खिडकीशी बसल्या होत्या, हात धुऊन, पुसून, मांडीवर मऊ दुपटं पसरून. लेक आतल्या खोलीत बाळाला पाजत होती. जावई औषधं आणायला गेला होता. आतून लेकीचा आवाज आला, "आई, हा व्हिडिओ कधी टाकलास गं?"

"कुठला?"

"आत्ताच आलाय. जुनाच दिसतोय तुझा, तिकडच्या घरातला. तू इथे आणि व्हिडिओ तिथला, गंमतच आहे." ती हसली. "तुझ्या फोनवरही आला असेल बघ."

फोन समोर टीपॉयवर उभा करून ठेवलेला होता. मावशींनी एका बोटाने तो उघडला.

तीच खिडकी. तेच ऊन. चौकट थोडी सरकलेली होती, त्यामुळे आता खुर्ची पूर्ण दिसत होती, आणि खुर्ची रिकामी होती. तिच्यावर लड नव्हती. खुर्चीच्या समोर दोन हात गुंडा फिरवत होते, पिवळा. मनगटाजवळ भाजल्याचा डाग होता. मावशींनी आपल्या मनगटाकडे बघितलं. तो तिथेही होता.

धागा खुर्चीकडून येत नव्हता. तो खालून येत होता, फोनच्या चौकटीच्या खालच्या कडेतून. बघणाऱ्याच्या बाजूने.

"येते म्हणून गेलं की यावं लागतं," त्यांचाच आवाज म्हणाला. शांत, समजुतीचा. "असू दे... जिथे आहात तिथे बसा. चला. आता आपण लड घेऊ."

आपण. मावशींनी तो शब्द ऐकला. आजवर तो त्यांनी हजारदा म्हटला होता. त्यांना उद्देशून कुणी तो म्हटल्याला मात्र किती काळ लोटला होता. खोलीत भिजलेल्या लोकरीचा वास आला. फोन बंद करावा म्हणून त्यांनी हात उचलायला घेतला, तर हात आधीच उचललेले होते. दोन्ही. पुढे, एकमेकांसमोर, तळवे आत. मनगटांवर काही दिसत नव्हतं, पण काहीतरी कोमट ताणलेलं होतं. डावा हात जरासा झुकला. मग उजवा. मग डावा. फोनमध्ये गुंडा फिरत होता, फिरत होता, आणि होता तेवढाच राहत होता.

"आई, झाली हिची पोटपूजा." लेक बाळाला घेऊन दारात आली. थकलेली होती, पण हसत होती. बाळाच्या अंगात तो स्वेटर होता, एक बाही थोडी फिकट. "चल, घे तुझ्या नातीला. केव्हापासून म्हणतेयस." ती जवळ आली आणि वाकली. "अगं, हात असे काय धरलेस? खाली कर ना. घे."

मावशींनी नातीकडे बघितलं. तिच्या मिटलेल्या मुठींकडे, उघड्या तोंडाकडे. डोळे भरून आले. त्यांना तिला घ्यायचं होतं, जगात दुसरं काहीच करायचं नव्हतं. हात झुकत राहिले. डावा, उजवा.

"आई?" लेक म्हणाली. "घे ना... आई?"

"थांब गं जरा," मावशी म्हणाल्या. "आमची लड संपू दे."